अहो, एकोणनव्वद

संध्याकाळचे सहा वाजून बावीस मिनिटं. ही वेळ मी घड्याळात पाहिलेली नाही. ह्यांच्या सायकलवरच्या कॅमेऱ्यात खालच्या कोपऱ्यात वेळ उमटते, तिथं पाहिली. म्हणून ती चुकायची नाही. आकडे माझे चुकतात, कॅमेऱ्याचे नाहीत.

आधी त्या कॅमेऱ्याचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमचे हे पंपदुरुस्तीच्या कारखान्यात आहेत. जाणं-येणं सायकलवर. मागे एकदा एका मोटारीचा आरसा ह्यांच्या कोपराला घासून गेला. गाडीवाला थांबला तर नाहीच, उलट खिडकीतून हात काढून ह्यांनाच चार शब्द ऐकवून गेला. कोपर बरं झालं, पण राग काही उतरला नाही. ह्यांनी सायकलच्या हँडलवर एक कॅमेरा बसवून घेतला. कोण उलट्या बाजूनं घुसलं, कोण मोबाइल कानाला लावून चालवतंय, कोण सायकलला खेटून गेलं, तेवढा तुकडा कापायचा आणि वाहतूक पोलिसांना पाठवायचा. तिथले एक हवालदार तर ह्यांना नुसत्या आवाजावरून ओळखायला लागले. गल्लीत ह्यांचं नाव पडलं शूटिंगवाले. "काय शूटिंगवाले, आज हिरो कोण?" असं समोरचा शिंपी मशीन चालवता चालवता विचारायचा.

मला मात्र त्याचं हसू यायचं नाही. पूर्वी घरी आले की आधी मुलीला उचलायचे. आता आधी कॅमेरा काढायचे, मऊ रुमालानं त्याची काच पुसायचे. मुलीचं नाक वाहत असलं तरी तो रुमाल आम्हाला मिळायचा नाही.

"सवत आणलीत हो घरात," मी म्हणायचे.

"सवत निदान गप्प बसते," हे म्हणायचे.

तेव्हा आम्ही दोघंही हसायचो.

नंबर वाचून सांगायचं काम माझं होतं. चित्र थांबवायचं, पाटी मोठी करायची, मी वाचायचं आणि ह्यांनी लिहायचं. त्यात मी एकदा घोळ घातला. मला लहानपणापासून एकोणऐंशी आणि एकोणनव्वद यांतला फरक जमत नाही. सात-नऊ दिसलं की तोंडातून एकोणनव्वदच बाहेर पडतं. सातवीपर्यंत शिकले, पण तिथंही बाईंनी हात टेकले होते. तर मी तसं वाचलं, ह्यांनी तसं लिहिलं, आणि तक्रार गेली एका निवृत्त म्हाताऱ्यावर. हवालदारांचा फोन आला. "अहो साहेब, त्या आजोबांची गाडी कित्येक महिने विटांवर उभी आहे. विटांवरच्या गाडीनं सिग्नल कसा तोडला?"

तेव्हापासून हे रस्त्यातच नंबर मोठ्यानं म्हणायला लागले, एकेक आकडा सुटा. अंधारून आलं की पाटी दिसत नाही, पण आवाज तर राहतो. आणि माझं नाव घरात पडलं एकोणनव्वद. "ए एकोणनव्वद, टॉवेल दे." मी चिडायचे. आतून बरंही वाटायचं.

आता त्या संध्याकाळचं. हे हाताचं ग्रीस घासत मोरीत उभे होते. तिथूनच म्हणाले, "पुलाखालचा तुकडा शोधून ठेव गं. एक ट्रक अगदी अंगावर आला होता."

मुलगी मांडीवर पेंगत होती. मी मोबाइल घेतला, एका कानात वायर घातली. रेल्वेच्या पुलाखालून रस्ता जातो आणि पुढं गोदामाची लांबच लांब भिंत लागते. भिंतीच्या वळणावर एकच दिवा आहे, तोही असून नसल्यासारखा. चित्रात सायकलचं हँडल, पुढं करडा रस्ता, साखळीची टिकटिक, ह्यांचा श्वास. पुलाखाली शिरलं की सगळे आवाज बदलतात. कानात पाणी गेल्यावर होतात ना, तसे. आणि त्यात, अगदी कानामागून बोलावं तसं, कुणीतरी म्हणालं...

"अहो... बावीस चौदा."

हे बाजूला झाले. मग मागून ट्रक आला, धूळ उडवत निघून गेला, आणि हे ओरडले, "दोन दोन एक चार!"

कोपऱ्यात वेळ होती, सहा बावीस.

खरं सांगते, नंबर आधी आणि ट्रक नंतर, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. मी अडकले त्या 'अहो'त. अहो तर आपण दुकानदारालाही म्हणतो, वाट अडवून उभ्या असलेल्या माणसालाही म्हणतो. पण ते अहो निराळं. शेवटाला थोडं लांबवलेलं, खाली उतरलेलं. चुलीपाशी उभं राहून, मागं न वळता हाक मारावी तसं. असं अहो घरातलीच बाई म्हणते. आणि ह्यांच्या घरातली बाई मी होते.

हे हात पुसत बाहेर आले. मी विचारलं, "बरोबर कोण होतं?"

"कुठं?"

"पुलाखाली. बाई कोण होती?"

हे माझ्याकडं बघतच राहिले. मग हळूच म्हणाले, "तू ऐकलंस... आणि ओळखलं नाहीस?"

"म्हणजे माझ्या ओळखीची आहे!"

"जाऊ दे. ओळखलं नाहीस तेच बरं."

"जाऊ दे काय? कोण ती?"

"वाईट नाही गं ती," हे म्हणाले. "ती सांगते, मी बाजूला होतो. इतकंच."

वाईट नाही गं ती! मला जेवणात मीठ बरोबर पडलं तरी एवढं कधी म्हणाले नव्हते. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवसापासून माझा एकच उद्योग. दुपारी मुलगी झोपली की जुनी चित्रं लावून बसायचं. ओळखीच्या सगळ्या बायका मी एकेक करून त्या आवाजाला लावून पाहिल्या. कारखान्यात हजेरी लिहिणारी, शिंप्याची मेहुणी, ह्यांच्या मित्राची ती सारखी फिदीफिदी हसणारी बायको. कुणाचाच आवाज बसेना. आवाज गोड नव्हता. जरा घोगरा, दमलेला. मला तर तो आवाज मुळीच आवडला नाही. 'एवढा कसला आवाज, आणि त्यावर भाळलेत,' असं मी मनात म्हणायचे.

पण ती जवळजवळ रोज होती. त्याच वळणावर, त्याच दिव्याखाली. आधी तिचा आकडा, मग मागून गाडी. कधी टँकर, कधी मोटार. चित्रात बाई नाही, सावली नाही, दुसरी सायकल नाही. नुसती भिंत. आणि हे त्या वळणावर सायकल हळू करायचे, एक पाय टेकवून थांबायचे. कुणाची वाट बघावी तसे. आवाज आला की म्हणायचे, "हं, ऐकलं." काय तो सूर! लग्नाच्या नव्या दिवसांत माझ्याशी बोलायचे ना, तो. मुलगी झाल्यापासून तो सूर मी ऐकलेला नव्हता, आणि तो ह्यांनी तिथं भिंतीपाशी नेऊन ठेवला होता.

मी ह्यांचे शर्ट हुंगायला लागले. ग्रीसचा वास, घामाचा वास. आणि कॉलरपाशी दुसराच एक, ओल्या मातीचा, त्यात केसांच्या तेलाचा. तेल मी लावते तेच होतं. म्हटलं, सटवीनं तेलसुद्धा माझंच उचललं.

त्याच सुमारास नणंद आली. ही ह्यांची धाकटी बहीण, रुग्णालयात टेलिफोनवर बसते. दिवसभर माणसांचे नुसते आवाज ऐकते. दोनदा बोललेलं माणूस तिसऱ्यांदा 'हॅलो' म्हणायच्या आत ओळखते. मी तिला दुपारी आतल्या खोलीत बसवलं, दार लोटलं, मोबाइल तिच्या हातात दिला.

"ऐक, आणि मला फक्त नाव सांग. बाकी मी बघते."

तिनं ऐकलं. ती खो-खो हसली.

"काय गं वहिनी, मस्करी करतेस होय? तू कधी गेली होतीस दादाबरोबर?"

"मी? मी कुठं गेले?"

"मग हे काय? तुझाच तर आवाज आहे!"

"काहीतरीच! माझा आवाज असा कुठं आहे?"

"सगळ्यांना असंच वाटतं. स्वतःचा आवाज आपण आतून ऐकतो ना, बाहेरून ऐकला की परका लागतो." मग तिनं पुढचं चित्र लावलं. त्यात आवाज म्हणाला, "अहो... तीस एकोणनव्वद." पांढरी मोटार गेली. नणंदेनं चित्र थांबवून पाटी मोठी केली आणि माझ्यासमोर धरली.

तीन शून्य, सात नऊ.

"बघ," ती म्हणाली, "सात-नऊला एकोणनव्वद म्हणणारी आणखी कोण आहे गं आपल्या घरात?"

बोलता बोलता तिचंच हसू थांबलं. तिनं पुन्हा मोबाइल कानाशी नेला. मग माझ्याकडं पाहिलं. "वहिनी... तू खरंच गेली नव्हतीस?"

बाहेर शिंप्याचं मशीन चालू होतं.  मांडीवरच्या मुलीनं झोपेत माझं बोट घट्ट धरलं.

संध्याकाळी हे आले. त्या दिवशी कॅमेरा पुसला नाही. तसाच धुळीचा माझ्यापुढं ठेवला. 

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"पहिल्या दिवसापासून." हे खाली बसले. "वाटायचं, माझंच मन तुझी हाक ऐकतंय. घाबरशील म्हणून बोललो नाही. पण आज... आज तूच ऐक."

आम्ही दोघांनी एकेक वायर कानात घातली. पूल. ती पाण्यातल्यासारखी घुमी शांतता. भिंत. दिवा. ह्यांनी पाय टेकवला.

"अहो... एक्केचाळीस एकोणनव्वद."

हे कडेला झाले. मागून काही आलं नाही. रस्ता रिकामा. बराच वेळ नुसता ह्यांचा श्वास. मग ह्यांचाच आवाज, कापरा...

"सात नऊ की आठ नऊ? ए... सात नऊ की आठ नऊ गं?"

 दिवा एकदा विझल्यासारखा झाला, पुन्हा लागला. आणि मग ती बोलली. पण ह्यांच्याशी नाही. खाली वाकून बोलावं तसं, हसत...

"हात सोडू नकोस हं, बाळा... असं, माझा हात धर..."

आणि त्या मागोमाग बुटांचा आवाज. छोट्या बुटांचा. टप... टप टप... नुकतंच चालायला शिकलेल्या पोराचा पडतो तसा.

माझी मुलगी तेव्हा नुसती रांगत होती. तिला बूट आणलेलेच नव्हते.

त्यानंतर आवाज आला नाही. हे दुसऱ्या रस्त्यानं जातात. मध्ये एकदा मला न सांगता त्या वळणावर जाऊन थांबले होते. नुसता वारा. जो जो नंबर ती बोलली, ती ती गाडी लगेच मागून आली होती. ही एकच अजून यायची आहे.

हवालदारांनाही सांगून पाहिलं. माणूस चांगला, हसला नाही. म्हणाला, "बाई, त्या गाडीनं अजून काही केलंच नाही. तक्रार कशाची लिहू?" मग म्हणाला, "आणि दोन आकड्यांतला कुठला, ते तरी नक्की सांगा." तेच तर मला सांगता येत नाही. मला येत नाही, म्हणजे तिलाही येत नाही.

तुम्हाला वाटेल, आता तरी माझी जळजळ गेली असेल. गेली नाही. घरी बसून मी जिला शिव्या देत होते, ती तिथं उभी राहून माझ्या माणसाला वाचवत होती. मला जमलं नाही ते तिला जमलं, ह्याचा हेवा वाटतो. त्याहून जास्त हेवा दुसऱ्या गोष्टीचा वाटतो. माझ्या लेकीचं पहिलं पाऊल माझ्याआधी तिनं ऐकलं. ती तिला हाताला धरून चालवत होती आणि हसत होती. पुढं काय आहे हे ठाऊक असून हसत होती, की ठाऊक नव्हतं, हेही मला कळत नाही.

मागच्या आठवड्यात मुलगी भिंत धरून उभी राहिली. काल तिनं भिंत सोडली. शिंपी मशीन थांबवून दारात आला, नणंदेनं टाळ्या वाजवल्या, ह्यांनी कॅमेरा बाजूला ठेवून दोन्ही हात पसरले. मी उठून दाराची कडी लावली. नणंद जाताना एक पुडकं देऊन गेली. लाल बूट. पुडकं मी कपाटावर टाकलं, उघडलंही नाही. पण आज दुपारी, घरात मी आणि झोपलेली मुलगी अशा दोघीच असताना, कपाटावरून आवाज आला. टप. मग टप टप.

म्हणून हे लिहिते आहे. तुमच्या घरात, शेजारी, कामाच्या जागी कुणाकडं गाडी असेल, तर पाटीवरचे शेवटचे चार आकडे बघायला सांगा. तो नंबर निघाला तर त्यांना म्हणावं, रेल्वेचा पूल आणि गोदामाची भिंत लागली की हळू चालवा. तिथं एक बाई लेकीला घेऊन चाललेली असेल. मी त्या रस्त्याला जाणार नाही असं ठरवलं आहे, तरीही सांगा. कृपा करून दोन्ही नंबर सांगा, एक गाळू नका. एक्केचाळीस सात नऊ. नाहीतर एक्केचाळीस आठ नऊ. एवढा निरोप पुढं पोचवा.