न झिजणारे बूट

बूट शिवणाऱ्या कारागिराला स्वतःच्या हातांचा गर्व होता, आणि तो लपवायची त्याला कधी गरज वाटली नाही. गिऱ्हाइकाने बूट काढून दिला की हा आधी सोल उलटा करून बघायचा, मग माणसाच्या तोंडाकडे. "जिने फार चढता. उजवा गुडघा दुखतो ना?" गिऱ्हाईक चाट पडायचं. पंचवीस वर्षांत त्याचा अंदाज दोनदाच चुकला होता, आणि त्यातला एक जण, त्याच्या मते, साफ खोटं बोलत होता.

त्याची स्वतःची डावी टाच बाहेरच्या कडेने झिजायची. घोटा एकदा मोडला होता, तेव्हापासून पाऊल जरा वाकडंच पडायचं. दर सहा महिन्यांनी तो टाच बदलायचा. त्या रविवारी सकाळी तो बूट मांडीवर घेऊन बसला, आणि हातोडी हातातच राहिली. बदलण्यासारखं काही नव्हतंच. वरच्या चामड्याला सुरकुत्या, नाड्या विटलेल्या. आणि खाली सोल नवाकोरा. मागच्या वेळी फिरवलेल्या कानशीचे ओरखडेसुद्धा तसेच.

"वा रे पठ्ठ्या! काय चामडं निवडलंस!" त्याने स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

वरच्या खोलीतून सरांचा आवाज येत होता. सर शाळेत भूमिती शिकवायचे. आठ वर्षांपूर्वी बूट शिवून घ्यायला आले. पहिला जोड जुना व्हायच्या आत दुसरा शिवायला आले, तेव्हाच कारागिराने ओळखलं की पायांचं नुसतं निमित्त आहे. आता दुकानावरच्या दोन खोल्यांत दोघांचा संसार होता. सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त सरांच्या ताईला, जिने आईबाप गेल्यावर त्यांना लहानाचं मोठं केलं होतं. दर रविवारी तिचा फोन यायचा, आणि दर रविवारी सर तेच सांगायचे, "एकटाच आहे गं. खाली एक दुकानदार असतो, तेवढीच सोबत."

"दुकानदार!" सर खाली आल्यावर कारागीर म्हणाला. "नशीब माझं, उंदीर नाही म्हणालास."

सर हसले. कारागिराला मात्र त्या दिवशी हसू आलं नाही.

मग एकेक गोष्ट त्याच्या ध्यानात यायला लागली. अंघोळ करून बाहेर आलं की सरांची ओली पावलं फरशीवर उमटायची, त्याची नाही. वीस वर्षांचं जुनं गिऱ्हाईक दुकानात शिरलं आणि त्याच्यापासून दोन हातांवर उभं राहून हाका मारायला लागलं, "कोणी आहे का?"

"मग मी काय मेलोय का?" कारागीर खेकसला.

गिऱ्हाईक दचकून मागे सरलं. "माफ करा हो, दिसलाच नाहीत." बूट टाकून ते घाईने निघून गेलं.

संध्याकाळी त्याने सरांचा बूट उलटा केला. सरांची चाल फूटपट्टीसारखी सरळ. आठ वर्षं त्यांचा सोल सारखा झिजत आला होता. आता डावी टाच बाहेरच्या कडेने झिजली होती.

त्याने तो बूट सरांपुढे केला. सरांनी निरखून पाहिला. "चाल बदलली असेल माझी."

"माझीच चाल बरी उचललीस?"

सर हिशेबी माणूस. भुताखेतांच्या नावाने नाक मुरडणारे. त्यांनी शाळेतून खडूची पूड आणली आणि दुकानाच्या फरशीवर चाळणीने सारखी पसरली. मग कारागिराचा हात घट्ट धरला. दोघं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत गेले आणि वळून बघितलं.

पावलांची एकच रांग होती.

"परत," सर म्हणाले.

परत एकच रांग. या वेळी ठसे जास्त खोल होते, ओझं उचलून चालल्यासारखे.

तेवढ्यात फोन वाजला. ताई रविवारी येत होती. फोन ठेवून सर चाचरत म्हणाले, "त्या दिवशी तू जरा दोन तास..."

"नाही." कारागीर ताठ उभा राहिला. "मी कुठेही जाणार नाही. हे घर माझं आहे, तुझ्या पायातले बूट माझ्या हातचे आहेत, आणि तूही माझा आहेस. त्याची मला लाज नाही, कधीच नव्हती. तुला सांगायचं नसेल तर बॅग भर. पण मी असा पुसून जाणार नाही."

सरांनी बॅग भरली नाही.

रविवारी ताई आली. दारात भावाला कवटाळलं, जिन्यापाशी बूट काढले, वर आली. कारागीर खिडकीजवळच्या खुर्चीत बसला होता. त्याने नमस्कार केला. तिची नजर त्याच्यावरून भिंतीवर गेली. सरांनी तीन कप चहा ओतला.

"तिसरा कोणाला रे?"

सर साखरेचा डबा शोधायला लागले. ताईने खांद्यावरची पर्स काढली आणि ठेवायला खुर्चीकडे वळली.

पर्स कारागिराच्या मांडीवर आली.

तो हलला नाही. त्याने फक्त सरांकडे बघितलं. पर्सचं वजन त्याला जाणवत नव्हतं.

"ताई, तिथे माणूस बसलाय," सर म्हणाले. ते उठले आणि कारागिराच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. "हा माझा माणूस आहे. आठ वर्षं आम्ही जोडीने राहतोय. माझं याच्यावर प्रेम आहे. तुला मी खोटं सांगत आलो."

ताई खुर्चीकडे बघत राहिली. हळूहळू तिची नजर एका जागी थांबली.

"अगं बाई! तुम्ही कधीपासून बसलाय इथे?"

"आठ वर्षांपासून," कारागीर म्हणाला.

मग ताई रडली, आणि भावावर मनसोक्त तोंडसुख घेतलं. "मी काय खाणार होते तुला? इतका देखणा, कमावता माणूस घरात, आणि हा म्हणे एकटा!" कारागिराची छाती अभिमानाने भरून आली. सरांनी त्याचा हात सोडलाच नाही, अगदी ताईसमोर.

निघायची वेळ झाली तेव्हा ती जरा दबकत म्हणाली, "आमच्याकडे मात्र मी हे बोलणार नाही हो. तसंही मला कोण विचारतंय? मुलगा-सून चांगले आहेत. पाहुणे आले की मी आपली आतल्या खोलीत असते."

"ताई, तुमचे बूट बघतो," कारागीर म्हणाला. "टाचा नव्या करून देतो, आपल्या घरची आठवण."

"कशाला? सहा वर्षं झाली, रोज बाजारापर्यंत चालत जाते, पण टिकलेत बाई!"

तो जिना उतरून दुकानात गेला. फरशीवर उरलेल्या खडूत त्याचा ठसा लख्ख उमटला, डाव्या टाचेच्या वाकड्या कडेसकट. तो खुशीत शीळ घालत खाली वाकला आणि सवयीने ताईचा बूट उलटा केला.

सोलच्या पुढच्या भागावर, जिथे चालताना सगळा भार पडतो तिथे, मापाचा आकडा छापलेली कागदी चिठ्ठी अजून चिकटलेली होती. तिचा एक कोपराही फाटला नव्हता.