न उघडलेली डबी

सह्यनगरच्या बालशाळेत फोटो धुण्याची अंधारखोली होती, आणि ती मृण्मयी कारखानीस बाईंनी भांडून मिळवली होती. शहरातली प्रत्येक भिंत आणि प्रत्येक चष्मा क्षणोक्षणी चित्रं टिपत असताना पहिलीच्या पोरांना रोलचे कॅमेरे कशाला, असं मुख्याध्यापकांनी विचारलं होतं. "वाट बघायला शिकावं म्हणून," बाई म्हणाल्या. मुख्याध्यापकांनी खोलीची किल्ली दिली.

कॅमेरा म्हणजे प्लास्टिकची काळी डबी. एक भिंग, एक कळ, रोल सरकवायला एक चाक. पोरं तिला डबीच म्हणत आणि दिवसभर गळ्यात मिरवत. रोल नंतर धुवायचा असतो हे कळल्यावर मात्र वर्गात घबराट पसरली होती. "बाई, धुतला की फोटो जाणार ना?"

या पोरांची खोड एकच. चित्र तत्क्षणी दिसायची जन्माची सवय, त्यामुळे कळ दाबली की झाकण उघडून आत डोकावायचं. आत उजेड गेला की रोलचा सत्यानाश. म्हणूनच रोल धुतल्यावर एकामागून एक काळेकुट्ट निघाले तेव्हा बाईंना नवल वाटलं नाही, राग आला. सगळ्यांत काळा रोल झोया तांबोळीचा होता.

"उघडलीस ना डबी?"

"नाही बाई. अल्लाशप्पथ नाही."

बाईंनी तिला भर वर्गात खोटारडी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी झोयाचे वडील तणतणत आले. डॉक्टर शकील तांबोळी किरणोत्साराचे तज्ज्ञ होते, पण त्या दिवशी ते फक्त बाप म्हणून आले होते. "माझी पोरगी खोटं बोलत नाही, बाई. काल रात्रीपासून जेवली नाहीये ती."

"मग तुम्हीच बघा," म्हणून बाईंनी रोल त्यांच्या हातात दिला. तांबोळींनी तो खिडकीशी उलगडला आणि त्यांचा आवाज खाली आला.

"उजेडानं कडा जळतात ना? आणि गुंडाळीचे वरचे वेढे?"

"हो. आतले वेढे बरेचदा वाचतात."

"हा पार आतल्या वेढ्यापर्यंत सारखा काळा आहे. आणि प्रत्येक फोटोत ही फिकट चांदणी कसली?"

बाईंनी झोयाची डबी आणली. पोरीनं तिच्या पाठीवर अम्मीच्या ओढणीची पितळी चांदणी चिकटवली होती.

"झाकण उघडलंच नाही तिनं," तांबोळी म्हणाले. "प्लास्टिकमधून आरपार जातील असे किरण आत गेलेत. चांदणीनं थोडे अडवले, तिची सावली पडली, तेवढा रोल फिकट राहिला. चांदणी पाठीवर आहे, म्हणजे किरण मागून आले. डबी गळ्यात असते तेव्हा तिच्या मागे काय असतं?"

बाईंचा हात नकळत स्वतःच्या गळ्याखाली गेला. तिथे आरोग्यमणी होता. मूल जन्मलं की गळ्याच्या हाडाखाली, मोठ्या धमनीला बिलगून बसवतात तो. नाडी, रक्त, ताप, सगळ्यावर लक्ष ठेवणारा, आणि स्वतःच्या पोटातल्या इवल्याशा अणुघटावर जन्मभर चालणारा.

"पण मण्यातून किरण गळायला लागले तर किरण मोजणाऱ्या मापकांना कळेल की!"

"नाही कळणार." तांबोळींनी खिशातला मापक काढून दाखवला. "मण्यातून थोडे किरण बाहेर पडणारच. म्हणून शहरातला प्रत्येक मापक ते वजा करून उरलेलं दाखवतो. किती वजा करायचं ते त्याला मणीच सांगतो. मणी जास्त गळला की जास्त वजा करायला सांगतो. उत्तर कायम शून्य. सकाळीच झोयाला लावून बघितला होता. हिरवागार." ते खुर्चीत बसले. "तुमच्या रोलला वजाबाकी येत नाही."

"आणि आपले मणी?"

"जुन्या घडणीचे, ते गळत नाहीत. मुलांचे नवे आहेत."

"काढता येतात ना पण?"

"मोठ्यांचे येतात. लहान मुलांची धमनी मण्याभोवती वाढलेली असते, बाई. काढायला गेलं की ती फाटते." त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी तिची बाजू घेऊन भांडायला आलो होतो. तिनं डबी उघडली असती तर किती बरं झालं असतं."

एक रोल धुवायचा राहिला होता, अबोलीचा. स्वतःच्या मुलीचा आधी धुतला तर लोक बोलतील म्हणून त्यांनी तो शेवटी ठेवला होता. बाई अंधारखोलीत गेल्या. तांबोळी मागोमाग आले आणि दाराशी उभे राहिले.

रोल बाहेर निघाला तो आरशासारखा स्वच्छ. स्वयंपाकघर, ओट्याशी पाठमोऱ्या उभ्या बाई, टेबलावरचं मांजर. बाईंना रडू फुटलं. तांबोळींसमोर आपल्याला आनंद होतोय याची लाज वाटत होती, तरी तो आवरेना.

"शुक्र करा, बाई," तांबोळी हळूच म्हणाले. "तुमची वाचली."

बाईंनी डोळे पुसले आणि रोल पुन्हा दिव्याशी धरला. आयुष्यभर त्यांनी हेच शिकवलं होतं, फोटो कुठून काढलाय ते आधी बघा. स्वयंपाकघर खिडकीतून टिपलेलं. मांजरही खिडकीतून. प्रत्येक फोटोच्या तळाशी खिडकीच्या कठड्याची तीच धूसर कड. त्यांना स्वतःचे शब्द आठवले: तू बाईंची मुलगी आहेस, तुझी डबी बिघडली तर माझी शोभा होईल, गळ्यात घालून हुंदडायचं नाही. अबोलीनं आईचं ऐकलं होतं. डबी कठड्यावरच राहिली होती. मण्याजवळ ती कधी गेलीच नव्हती.

"काय झालं?" तांबोळींनी विचारलं. बाईंनी कठड्याची कड बोटानं दाखवली. त्यांना समजावून सांगायची गरज पडली नाही.

बाहेर पावलं वाजली. अबोली दारात उभी होती, नवा रोल भरलेली डबी दोन्ही हातांत जपून धरून. शाळेत ती आईला बाईच म्हणे, तसा घरचा नियम होता.

"बाई, माझा चांगला आला?"

"हो गं."

"मग आता गळ्यात घालू?"

बाईंनी तांबोळींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. डबी गळ्यात घातली तर कळेल, आणि कळून करण्यासारखं काहीच नाही. नाही म्हटलं तर का नाही, ते पोरीला सांगावं लागेल.

अबोलीनं डबीचा पट्टा आईच्या हातात दिला आणि आईला सोपं जावं म्हणून वेणी बाजूला धरून मान पुढे केली.