तिन्ही खोक्यांवर कुंकू

"उद्या सकाळी सिन्नरच्या कॉलेजात ऑनलाइन परीक्षा, आणि साठ संगणक बंद. आम्ही दिलेली रॅम बनावट निघाली," उज्वला म्हणाली. गंगापूर रोडवरचं संगणकाचं दुकान तिचंच. "सप्लायर जीवनभाऊंचं नाव घ्यावं, तर बारा वर्षांच्या व्यवहारातला माणूस. न घ्यावं, तर मी चोर. इकडे आड, तिकडे विहीर."

गुप्तहेर वेदिका आव्हाड कॉलेजातून परत आलेली रॅमची तिन्ही रिकामी खोकी न्याहाळत होती. तिचा जोडीदार धनराज चहा न्याहाळत होता.

"जीवनभाऊंना विचारलंत?"

"विचारते कसली? सकाळी फोनवर मीच त्यांना नको नको ते बोलले."

"माल येतो कसा?"

"अंबडहून, पोत्यात शिवून. पहिल्या खोक्याला ते कुंकू लावतात, शुभ म्हणून. मी पोतं उघडत नाही, तसंच गिऱ्हाइकाकडे धाडते. एवढा विश्वास होता हो."

"तिन्हींवर कुंकू आहे की," धनराज म्हणाला. "म्हणजे माल त्यांचाच. चला घरी."

पोतं रात्रभर दुकानात होतं. उज्वलाशिवाय किल्ली आणखी दोघांकडे.

मेकॅनिक हर्षल चिडलाच होता. "आठ वर्षं भाऊंची पोती गिऱ्हाइकाकडे मीच उघडतो. या खेपेला कॉलेजवाल्यांनीच उघडून रॅम बसवली."

उज्वलाचा भाचा योगेश मात्र गोड बोलला. "मला येऊन महिनाच झाला, मॅडम. त्यांचं एकच सुटं खोकं आलेलं पाहिलं. मावशीला म्हणत होतो, नवा सप्लायर बघ."

वेदिकाने शटर अर्धं ओढलं.

"जीवनभाऊ कुंकू फक्त पहिल्या खोक्याला लावतात. तिन्हींवर लावलं ते नक्कल करणाऱ्याने. हर्षल ही चूक करणार नाही. ज्याने एकच खोकं पाहिलं, त्याला वाटलं, सगळ्यांवरच असतं. योगेश, रात्री पोतं बदलून खरं तू शिवलेलंच विकलंस. उघडून पाहिलं असतंस, तर सुटला असतास."

योगेशची मान खाली गेली. "नवा सप्लायर मला वेगळं दुकान काढून देणार होता, मावशी."

"सख्ख्या बहिणीचा मुलगा," उज्वला पुटपुटली. "आणि उद्या त्या पोरांचं काय?"

बाहेर टेम्पो थांबला. ड्रायव्हरने शिवलेलं पोतं उतरवलं. "जीवनभाऊंनी दिलंय. म्हणाले, भांडण मागाहून करू, आधी परीक्षा होऊ द्या."

उज्वलाला रडू आवरेना.

धनराजने कात्री पुढे केली. "बघायचं उघडून?"

"नको," ती म्हणाली. "तसंच जाऊ दे सिन्नरला."

मग तिने जीवनभाऊंचा नंबर लावला.