विल्बर हेन्लीचं गाणं

"ऐकीव नाही हे. आपल्या यशोधनच्या बाबतीत घडलंय," प्रल्हादकाका म्हणाले. डेट्रॉइटजवळच्या नोव्हाय गावातल्या त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये निमिष आणि इशिता ही पोरं ब्लँकेटं ओढून बसली होती.

दोन हजार सहा साल, नाताळच्या आदल्या शनिवारची रात्र. धाकट्या भावाला डेट्रॉइटच्या विमानतळावर सोडून यशोधन एकटाच परत निघाला होता. बर्फ भुरभुरत होता. वाटेत पेट्रोल भरायला तो थांबला.

पूर्वी दर शनिवारी तो याच रस्त्यानं विल्बर हेन्लीला घरी सोडायचा. हा म्हातारा एका हॉटेलात ब्लूज आणि सोल ही जुन्या धाटणीची अमेरिकी गाणी गायचा. एके काळी त्याच्या नावावर क्लब भरायचे. आता विचारणारं कुणी उरलं नव्हतं. यशोधनवर मात्र त्याचा फार जीव. बायको गेल्यावर तिच्यासाठी रचलेलं एक गाणं त्यानं मनातच ठेवलं होतं. ते त्यानं यशोधनपुढे म्हटलं, रेकॉर्डही करू दिलं.

"माझ्यापाशीच राहील," यशोधननं शब्द दिला.

वर्षभरात ते गाणं एका गाडीच्या जाहिरातीत वाजायला लागलं. गळा दुसऱ्याच कुणाचा. संगीतकार म्हणून नाव यशोधनचं.

विल्बर भांडला नाही. त्यानं गायचंच सोडलं. त्याच ऑक्टोबरात वारला. त्याच्या मातीला जायचं यशोधनला धाडस झालं नाही.

"मग?" निमिषनं विचारलं.

मग काय... पेट्रोल भरून यशोधन गाडीत बसला. शेजारच्या सीटवर विल्बर होता.

"बट ही वॉज डेड, काका," इशिता हळूच म्हणाली.

काकांनी मान डोलावली.

यशोधननं गाडी सुरू केली. का, ते त्याला अजून सांगता येत नाही. सवयीनं असेल. मान वळवायची हिंमत नव्हती. हीटर चालू होता. तरी बोटं गारठली होती. आत श्वास ऐकू येत होता... एकाचाच.

"मिस्टर हेन्ली, मी..."



"ते कुणीच ऐकलं नव्हतं, बेटा." आवाजात राग नव्हता. "तिनंसुद्धा नाही. फक्त तू."

लाल सिग्नल लागला. यशोधननं डोळे मिटले. उघडले...

शेजारी कुणी नव्हतं.

घरी कसा पोचला, त्याला आठवत नाही. सकाळी काचेवरचा बर्फ काढायला गेला. आत नजर गेली.

शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला होता. सीटला टेकलेला नाही... कुणाच्या तरी पोटावरून यावा तसा, पुढे गोल उचललेला.

खाली सीट रिकामी.