अकरा ठोक्यांची जागा

पहिल्या तालमीला धाकटी तासभर आधीच पोचली. चाळीस वादकांचे सुटे कागद तिनं स्वतः लिहून काढले होते आणि ज्याच्या त्याच्या स्टँडवर ते तिला स्वतःच्याच हातानं लावायचे होते. प्रत्येक कागदापाशी एक पेन्सिल, मऊ शिसाची, टोक काढलेली. फरशी नुकतीच पुसलेली होती. वर एक ट्यूब बारीक गुणगुणत होती, ती तिनं शिपायाला सांगून बंद करून घेतली. रचनेत ऐन मध्यावर अकरा ठोके कुणीच काही वाजवायचं नव्हतं, आणि तिथं तिला माशीचा आवाजसुद्धा नको होता.

चौतीस वर्षांची झाली तरी घरात ती अजून धाकटीच होती. बाहेर 'तरुण रचनाकार'. नऊ वर्षं ती या नावाखाली वाद्यवृंदाकडे अर्ज करत होती आणि नऊ वर्षं 'आपली रचना लक्षवेधी आहे, परंतु' अशी पत्रं येत होती. दिवसा मुलांना पियानो शिकवायचा, उरलेल्या वेळात दुसऱ्यांच्या रचनांचे कागद उतरवून द्यायचे. वयाची अट पस्तिशीची. यंदा शेवटची संधी होती आणि यंदाच घोडं पुढं सरकलं. तिची बारा मिनिटांची रचना शहराचा मोठा वाद्यवृंद रविवारी दुपारी वाजवणार होता.

ते अकरा ठोके खरं तर ताईचे होते. ताई सहा वर्षांनी मोठी, गाणारी. धाकटीनं लिहायचं आणि ताईनं गायचं, हे दोघींचं फ्रॉकमध्ये असल्यापासून ठरलेलं. दोन वर्षांपूर्वी ताईच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांना स्वरयंत्र काढावं लागलं. आता ती गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायची आणि बोलायची ते पाटीवर लिहून. तिच्यासाठी लिहिलेली ओळ दुसऱ्या गायिकेला द्यायला धाकटीचा हात धजेना. तिनं ती ओळ खोडली आणि तेवढी जागा रिकामी ठेवली.

कंडक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. शांततेपाशी त्यांनी काठी हवेत धरून ठेवली. अकरा ठोके झाले, व्हायोलिनं आत आली. रचना संपल्यावर ते म्हणाले, "एक करा. मधे जो कोणी श्वास घेतो, त्यानं जरा हळू घ्यावा."

सगळे हसले. ओबो वाजवणारी म्हणाली, "माझ्याकडे काय बघता? मी तर धरून ठेवला होता."

घरी ताईनं पाटी पुढं केली: 'कंडक्टरनं तिकीट विचारलं का?'

"विचारलं ना. म्हटलं, ताईनं काढलंय." दोघी हसल्या. ताईचं हसणं म्हणजे आता नुसते खांदे हलायचे.

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच झालं. या वेळी कुणी हसलं नाही. चेलो वाजवणारे काका खुर्चीतच मागं वळले. त्यांच्या मागं भिंत होती.

"माझ्या मानेपाशी आला," ते म्हणाले.

"मानेपाशी कुठला? इकडे, माझ्या डाव्या बाजूला," पलीकडच्या टोकाची व्हायोलावाली म्हणाली.

मधल्या सुट्टीत रेकॉर्डिंगवाल्यानं धाकटीला आपल्या खोलीत बोलावलं. "नऊ माईक लावलेत. खोकला असो, खुर्ची असो, जवळच्या माईकवर मोठा यायला पाहिजे, लांबच्यावर बारीक. हे बघा. नऊच्या नऊ माईकवर हा सारखाच. केसाइतकाही फरक नाही."

त्यानं तिच्या कानांवर हेडफोन चढवले.

नाकातून घेतलेला श्वास. मध्यावर जरासा अडखळलेला. शेवटी ओठ सुटल्याचा बारीक 'टक'. त्या अडखळण्यावरून गाण्याच्या बाईंनी ताईला किती वेळा झापलं होतं! आणि पलीकडच्या खोलीत अभ्यास करता करता तो ऐकला की धाकटीचं पेन थांबायचं, कारण आता ताई गाणार हे कळायचं.

"काय हो, बरं वाटत नाही का?" रेकॉर्डिंगवाल्यानं विचारलं.

"नाही, बरी आहे. परत लावता?"

त्या रात्रीच्या जेवणात तिनं ताईला सगळं सांगून टाकलं. ताईनं घास खाली ठेवला. 'सकाळी मी घरीच होते. कपाट आवरत होते,' तिनं लिहिलं. मग पुसून, 'आणि नाकातून श्वास? मला आता फुलाचा वाससुद्धा येत नाही, बारके.'

तिसऱ्या तालमीत हॉर्नवाल्याची नजर कागदावरून उडाली आणि तो पुढच्या जागी चुकला. दोन वादकांनी खुर्च्या बदलून मागितल्या. तालीम संपल्यावर कंडक्टरनी धाकटीला बाजूला घेतलं.

"मी असल्या गोष्टी मानत नाही. पण घाबरलेला वादक बेसूर वाजवतो, हे मानतो. अकरा ठोके काढून टाकू. सरळ व्हायोलिनं येऊ देत. कुणाला कळणारही नाही."

"मला कळेल, सर."

"मग शनिवारी सकाळपर्यंत विचार करा. दुसरी एक रचना तयार आहे, तीही चांगली आहे. तुमचं हे शेवटचं वर्ष आहे ना?"

घरी येऊन ती टेबलाशी बसली. पेन्सिलची एक आडवी रेघ मारायची, बस्स. नऊ वर्षं एका पारड्यात आणि रिकामी जागा दुसऱ्यात. शहाण्या माणसानं काय करावं हे सांगायला कुणाची गरज नव्हती. तिनं पेन्सिल उचललीही. तेवढ्यात ताई येऊन शेजारी बसली, तिनं हातातली पेन्सिल काढून घेतली आणि पाटीवर लिहिलं: 'माझी ओळ खोडलीस तेव्हा मला विचारलं नव्हतंस.'

"तुला त्रास होईल म्हणून..."

'झालाच.'

"मग आता विचारते, ताई. ठेवू?"

ताईनं तिच्या केसांवरून हात फिरवला. मग सावकाश, शाळेतल्यासारख्या गोल अक्षरात लिहिलं: 'ठेव.'

शनिवारी कंडक्टरनी तिचं ऐकून घेतलं. बराच वेळ ते काठीचं टोक तळहातावर आपटत राहिले. "बरं," ते म्हणाले. "पण पुढं जे होईल ते तुमचं."

रविवारी दुपारी सभागृह भरलं होतं. ताई आणि धाकटी पाचव्या रांगेत बसल्या. रचना सुरू झाली तशी ताईनं तिचा हात धरला. चेलो खाली खाली गेले, ओबो एकटी उरली, मग तीही थांबली.

काठी हवेत.

एक. दोन.

तिसऱ्या ठोक्याला श्वास आला. अडखळला. टक.

याआधी इथंच सगळं संपायचं.

चौथ्या ठोक्याला स्वर आला.

खालचा, मोकळा, जरासा गरम. कुठल्या दिशेनं येतोय ते कळत नव्हतं. खोडलेल्या ओळीतला पहिला स्वर, मग दुसरा, मग तिसरा. कंडक्टरांची पाठ ताठ झाली, पण काठी ढळली नाही.

धाकटीनं शेजारी पाहिलं. ताईचे ओठ घट्ट मिटलेले होते. गालांवरून पाणी ओघळत होतं.

व्हायोलिनं आली आणि तो आवाज त्यांच्याखाली विरघळून गेला.

टाळ्या थांबेनात. लोकांना वाटलं, गायिका पडद्यामागं उभी होती. एका समीक्षकानं धाकटीला गाठून विचारलं, "आवाज कुणाचा? कार्यक्रमपत्रिकेत नाव कसं नाही?"

"माझ्या ताईचा," धाकटी म्हणाली. बोलून झाल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की तिला तिथंच रडू फुटलं. ताईनं तिला जवळ घेतलं. ताई फार दमलेली दिसत होती, पण ते साहजिकच होतं.

पुढच्या आठवड्यात तीन वाद्यवृंदांची पत्रं आली. तिघांनाही हीच रचना हवी होती, एकाला तर चार गावांत वाजवायची होती. 'परंतु' हा शब्द एकाही पत्रात नव्हता. धाकटीनं तिघांनाही लगेच होकार कळवला.

त्यानंतर रेकॉर्डिंग आलं. सकाळची वेळ होती, टेबलावर ऊन पडलं होतं. धाकटीनं ताईच्या कानांवर हेडफोन ठेवले आणि ती समोर बसून तिचा चेहरा बघत राहिली. ताईनं ती जागा ऐकली. मागं नेऊन पुन्हा ऐकली. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या कपाळावर आठी आली.

तिनं पाटी ओढली. 'श्वास माझा आहे.'

"मला माहितेय," धाकटी म्हणाली.

ताईनं खाली आणखी एक ओळ लिहिली. 'आवाज माझा नाही.'

"असं कसं? ताई, तुझाच आहे. मी ओळखणार नाही का?"

ताईनं मान हलवली. वाईट वाटू नये म्हणून धाकटीचा गाल थोपटला, आणि बोटानं खूण केली: थांब, नीट ऐकते. तिनं डोळे मिटले आणि चौथ्यांदा ती जागा लावली. हेडफोनमधून ओबो बारीक झिरपत होती. मग तीही थांबली.

ताईच्या गळ्यातल्या छिद्रावर धुळीसाठी बांधलेला पातळ मलमलीचा रुमाल होता. तिच्या प्रत्येक श्वासागणिक तो आत-बाहेर हलायचा, झोपेतसुद्धा.

धाकटी मनात ठोके मोजत होती. तिसऱ्या ठोक्याला रुमाल आत ओढला गेला आणि तसाच राहिला. अकरा ठोके झाले. व्हायोलिनं सुरू झाली. ताईच्या चेहऱ्यावर काही त्रास नव्हता, उलट ती किंचित हसत होती.

रुमाल अजून बाहेर आला नव्हता.