खवल्यांचा पडदा

लेकीचं उरलंसुरलं सामान आणायला शिंपीबाबा भर दुपारी तिच्या कामाच्या खोलीवर गेले. सामान ते काय, दोन पिशव्यांचं. आणि तो पडदा.

पडदा लेकीनंच केलेला. पातळ कापडावर तिनं जिवंत जंतूंचा थर दिला होता. ओल लागली की थर फुगायचा आणि कापडाला पाडलेले खवले उघडायचे. ओल सरली की मिटायचे. जवळ जाऊन नुसता श्वास सोडला तरी पडदा हलायचा. खवले कातरून दिले होते बाबांनी. तेव्हा ती म्हणाली होती,

"बाबा, आजवर माणसांचे कपडे शिवलेत. आता जंतूंचे शिंपी झालात!"

"मापाला उभं राहायला सांग मग त्यांना," बाबा म्हणाले. ती हसली, आणि हसता हसता दम लागून खाली बसली.

त्याच दम्यानं ती गेली.

"रोज पाणी शिंपडा, काका," खोलीवरची तिची मैत्रीण पडद्याची घडी हातात देत म्हणाली. "वाळला तर मरेल."

घरी येऊन बाबांनी पडदा लेकीच्या खोलीत टांगला, खिडकीपाशी, तिच्या खुर्चीसमोर. पाणी शिंपडलं. खवले उघडले, थोड्या वेळानं मिटले. बाबा दाराशी उभे राहून बघत होते.

मग खुर्चीसमोरचे तेवढेच खवले उघडले. वारा नव्हता. दोनदा भराभर, अर्धेमुर्धे. मग एकदा लांब, ओढून काढल्यासारखे. पुन्हा तसंच.

बाबांनी आपला श्वास रोखून धरला. खवले थांबले नाहीत.

श्वासाची ही चाल त्यांना पाठ होती. लेकीच्या उशाशी बसून बसून पाठ झालेली. सुटली बिचारी, असं सगळे म्हणाले होते. त्या एका शब्दावर बाबा आजवर दिवस ढकलत आले होते.

"बाळा... अजून?"

"कुणाशी बोलताय हो?" स्वयंपाकघरातून बायकोनं विचारलं.

"कुणाशी नाही... तू नको येऊस इकडे."

पडदा जिवंत, तोवर तिचा दमही जिवंत. असं त्यांच्या मनानं घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पाणी दिलं नाही. पडदा उचलून गच्चीवर कडक उन्हात टाकला, आणि स्वतः शेजारी बसून राहिले. ऊन कललं तोवर लेकीच्या हातचं ते कापड वाळक्या पानासारखं झालं होतं. बोट लावलं तर खवले तुटत होते.

"जा बाळा, आता तरी सूट..."

खाली येऊन त्यांनी खोलीचं दार उघडलं. पडद्याची जागा रिकामी होती. खिडकीची काच उघडी पडली होती, आणि तिच्यावर, खुर्चीत बसल्या माणसाच्या तोंडाइतक्या उंचीवर, वाफेचा डाग उमटला. लहान. पुन्हा लहान. मग एक मोठा, लांबलेला.

आता वाळवायला बाबांजवळ काही उरलं नव्हतं. त्यांनी काचेपुढे हात धरला.

हात ओला झाला. ती ओल कोमट होती...