सावलीएवढा दोरा

“हिंमत असेल तर विचार तुझ्या बाबांना, भिंतीत कुणाची सावली चिणलीय?”

शाळेच्या कट्ट्यावर माझ्या वर्गातल्या बिल्यानाने पैज लावली. सगळ्या हसल्या. मीही हसले.

आता नाही हसत.

हे खरं घडलंय. तेही रात्री नाही, भर दुपारी. याच जूनमध्ये, शाळेला उन्हाळ्याची सुट्टी लागायच्या आठवड्यात, शुमेन शहराजवळ आमच्या गावात. खानाच्या, म्हणजे आमच्या प्राचीन राजाच्या, जुन्या राजवाड्याच्या खोदकामावर.

माझे बाबा, ओग्न्यान, तिथले प्रमुख. मातीखालचे पाये उकरून काढायचे आणि त्यांवर थोडी नवी भिंत चढवायची, बघायला येणाऱ्यांसाठी.

पूर्वेची भिंत मात्र टिकायचीच नाही. उभी केली की खचायची. मग एका उन्हाळ्यात टिकली...

त्याच उन्हाळ्यात स्तानिमीरमामा गेला. आईचा एकुलता एक भाऊ. रेड्यासारखा धडधाकट माणूस! त्याचा शेवटचा फोटो आमच्या बैठकीत आहे. त्याच भिंतीपुढे उभा, हसतोय. शेजारी उंची मोजायची पट्टी.

आमच्याकडचे जुने गवंडी सांगतात, भिंत टिकत नसेल तर एखाद्याची सावली त्याच्या नकळत दोऱ्याने मापायची. दोरा भिंतीत चिणायचा. चाळीस दिवसांत तो माणूस जातो. मग त्याची सावली ती भिंत राखत बसते.

“म्हाताऱ्यांच्या गप्पा!” असं मीच बिल्यानाला सुनावलं होतं.

त्या दुपारी बाबांचा डबा घेऊन गेले. चीज भरलेली खुसखुशीत बानित्सा आणि ताक. माझ्या खिशात सूर्यफुलाच्या बिया. मजूर झाडाखाली पेंगत होते. पश्चिमेची नवी भिंत नुकतीच ढासळली होती आणि बाबा वैतागले होते.

“नेव्हेना, उद्या सकाळी येशील? फोटोत भिंतीपुढे माणूस हवाय. उंची कळायला.”

“मी? पेपरात छापून येणार?”

मी तर उडीच मारली! कुठला फ्रॉक घालायचा तेही ठरवलं. लाल.

बाबा तंबूत गेले. मी पूर्वेच्या भिंतीपाशी बिया खात बसले.

एकदम गवतातली किरकिर थांबली...

भिंतीवर सावली होती. लांबलचक. डोक्यावर टोपी, डावा खांदा जरा कललेला.

माणूस नव्हता.

मागे वळून पाहिलं. कुणी नाही. सूर्य डोक्यावर. माझी स्वतःची सावली पायांशी गोळा झालेली.

सावलीने तळहात पुढे केला...

असा हात एकच माणूस करायचा. “दे गं चिमणे, चिक्कूपणा नको!” म्हणत माझ्या बिया लुटायचा.

मी खिसा भिंतीच्या पायथ्याशी रिकामा केला. का, ते माहीत नाही.

कट्... कट्... कट्...

फोलपटं पडत होती. एकेक. ओली.

मी जी धावत सुटले, ती थेट घरी.

संध्याकाळी जेवताना विचारलंच. पैजेसाठी नव्हे.

“बाबा, भिंतीत मामाची सावली आहे?”

आईचा चमचा थांबला.

“ही कुठली बडबड? पुढच्या वर्षी कॉलेजात जाशील, आणि...”

“मामाची आहे?”

बाबांनी मान हलवली. डावीकडे, उजवीकडे. आमच्याकडे तो होकार असतो.

“सावली मापल्याशिवाय मजूर दगडाला हात लावेनात, रूमेना,” ते आईला म्हणाले. “उद्घाटन ठरलेलं. म्हटलं, घ्या बाबांनो, मापा! दोराच तर आहे. फोटोच्या निमित्ताने उभं केलं त्याला. माझा कुठे विश्वास आहे असल्यावर?”

“विश्वास नव्हता ना?” आई अगदी हळू म्हणाली. “मग तू का नाही उभा राहिलास?”



“आणि उद्या मी?” मी विचारलं. “लाल फ्रॉक घालून?”

“नुसता फोटो गं. शपथ.”

माझ्याकडे न बघता म्हणाले.

तेवढ्यात दाराबाहेर, पायरीवर...

कट्.

आईनेही ऐकलं. मामाचा फोटो बघून ती रडायला लागली. कुणीच दार उघडलं नाही. ते काय होतं, मला अजून कळलेलं नाही.

मी उठले. कोपऱ्यातली बाबांची कुदळ उचलली. 

“मी फोटोला येणार नाही. ती भिंत फोडायला येणार आहे. आई, माझ्याबरोबर चल. आणि बाबा, तुम्हाला आडवं यायचंच असेल, तर भिंतीपुढे तुम्ही उभे राहा.”